गाणे कुणाचे?

अमेरिकेत कंट्री संगीताचे नवे गाणे आले, की समीक्षकांची तक्रार ठरलेली: तोच ट्रक, तीच बिअर, तेच गाव. २०२३ साली ल्यूक कोम्सने ‘फास्ट कार’ गायले तेव्हा वाद वेगळाच झाला. गाणे मुळात ट्रेसी चॅपमन या कृष्णवर्णीय गायिकेचे, १९८८ सालचे. कुणी म्हणाले, त्याने काहीच बदलले नाही, मग नवे काय? कुणी म्हणाले, कंट्री रेडिओवर गोऱ्या गायकाला जो पहिला क्रमांक मिळाला, तो तिच्यासारखीला मिळाला असता का? दुसरा प्रश्न मला पटतो. पहिला नाही.

गाण्यातली मुलगी दारुड्या बापासाठी शाळा सोडते. आमची ताई सातवीतून निघाली, ती याच कारणाने. म्हणून मी आज कॉलेजात आहे. कोम्स पुरुष, पण त्याने त्या मुलीचे बोल तिचेच ठेवले. दुसऱ्याचे दुःख सांगताना एवढे तरी पाळावे.

हे लिहिण्याआधी मी ताईला विचारले. ती भाकरी थापत म्हणाली, “लिही. पण मला बिचारी म्हणू नकोस.”