पाणी मारलेला ग्राउट

त्या हेल्परची मजुरी कापली, हे मला आजही सहन होत नाही.

तळवलीत खोली घेऊन मी एका पुलाच्या कामावर लॅब सांभाळायचो. गर्डरच्या केबल ताणून झाल्या की त्यांच्या नळीत, म्हणजे डक्टमध्ये, सिमेंट-पाण्याचा ग्राउट भरायचा. मे महिन्यातल्या एका दुपारी पंप बंद पडला, केबल अर्धीच भरलेली. दुरुस्ती होईतो टाकीतला ग्राउट दह्यासारखा बसला. हेल्पर म्हणाला, "साहेब, मिक्सर फिरवू द्या, सैल होईल." बरोबर होतं त्याचं. सिमेंट खरोखर आवळायला लागलं नसेल तोवर उभा राहिलेला ग्राउट ढवळला की पुन्हा वाहतो. इंजिनिअर साहेबांना तेवढा धीर नव्हता. "पाणी मार!" मी नको म्हटलं. साहेब पुन्हा ओरडले. शेवटी त्या बिचाऱ्याने बादली ओतली.

मग ग्राउट किती सेकंदांत उतरतो ते मोजायचा कोन मला लावायला सांगितला. नुसतं पाणी त्या कोनमधून ८ सेकंदांत उतरतं; पाणी वाढवलेला ग्राउट भरभर उतरणारच. रजिस्टरमध्ये 'पास' पडलं. तोच ग्राउट मी काचेच्या सिलिंडरमध्ये भरून ठेवला. तीन तासांनी वर पाण्याचा थर उभा. डक्टमध्ये हे पाणी केबलच्या उंच जागी चढतं, पुढे ते शोषलं गेलं की पोकळी राहते आणि तिथे तार उघडी पडते. गंज बाहेरून दिसत नाही. वाशीच्या १९७३ च्या खाडीपुलाच्या केबल गंजल्या होत्या, आणि गोव्यात मांडवीवरचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तिथेही गंजलेल्या केबलचाच प्रश्न होता.

सिलिंडर पाहून चौकशी झाली. अहवालात आलं: हेल्परने परस्पर पाणी टाकलं. मजुरी कापून त्याला कामावरून काढलं. आदेश कोणी दिला ते मी लिहून दिलं, तो कागद फाइलला लागलाच नाही. योग्य उपाय सुचवणारा एकटा तोच होता!

नुसत्या सेकंदांवर ग्राउट पास करू नये. सेकंदांशेजारी घातलेलं पाणी आणि तीन तासांत वर सुटलेलं पाणी, म्हणजे ब्लीड, लिहिल्याशिवाय सही करूच नये.

तरी एक खरं. त्या उन्हात अर्ध्या केबलमध्ये ग्राउट आवळला असता, तर ती केबल कायमची गेली असती. पंप कसाही करून चालू ठेवावा लागतो, हे पुढे नव्या पोरांना मीच सांगितलं. साहेबांची घाई मला आता समजते. मग तो निर्णय त्यांनी स्वतःच्या सहीने लिहायचा होता.