वाई : नदीचे वरचे अंग, खालचे अंग

१/
रविवारी पहाटे पुण्याहून निघालेली एसटी खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला महामार्ग सोडते आणि वाईच्या रस्त्याला लागते. खिडकीपाशी बसलेल्या आजींनी सत्तरी ओलांडली आहे. शेजारी इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला असलेली त्यांची नात. नातीच्या वहीत दिवसभरात पाहावयाच्या स्थळांची यादी आहे. आजींच्या मनात मात्र एकच जागा आहे आणि ती त्यांनी अजून कोणाला सांगितलेली नाही. त्यांचा जन्म याच पंचक्रोशीतला. लग्नानंतर त्या पुण्याला गेल्या, त्या पुन्हा वाईत अशा कधी आल्याच नाहीत.

२/
वाईची ओळख ‘दक्षिण काशी’ अशी. कृष्णेच्या काठी गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड अशा आळ्या असून प्रत्येकीचा आपला घाट आहे. या घाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव भरतो. येथे नदी केवळ नदी नाही, ती ‘कृष्णाबाई’ आहे. तिची मूर्ती पालखीतून येते आणि मुक्काम करून पुढच्या घाटाकडे जाते.

३/
या उत्सवाचा धागा परंपरा १६५९ पर्यंत नेऊन जोडते. त्या वर्षी शिवाजी महाराजांवर चालून आलेल्या अफझलखानाचा तळ वाईला पडला होता. हे संकट टळो, म्हणून गावाने कृष्णेला नवस केला, अशी आख्यायिका आहे. नवसाची कथा परंपरेची, तळ मात्र इतिहासाचा. येथूनच खान जावळीच्या रानात उतरला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला.

४/
आज दिसणारी वाई मुख्यतः त्यानंतरच्या शतकातली, पेशवाईतली. ती घडवण्यात रास्ते घराण्याचा वाटा मोठा. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांची पत्नी झाली आणि या घराण्याचे भाग्य पुण्याच्या गादीशी बांधले गेले. आनंदराव रास्ते यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचे देऊळ बांधले, तर गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये महागणपतीचे, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या ‘ढोल्या गणपती’चे.

५/
१७६२ या वर्षापाशी क्षणभर थांबावे. आदल्याच वर्षी जानेवारीत पानिपत झाले होते. त्यात गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव पडला आणि जूनमध्ये नानासाहेबही गेले. लेकीच्या घरी एका वर्षात दोन मृत्यू, आणि माहेरच्या गावी नदीकाठी उभे राहणारे हे भव्य देऊळ. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव जोडण्याचे कारण नाही. तरीही काळाच्या एकाच पानावर त्या शेजारी लिहिलेल्या आहेत, हे विसरता येत नाही.

६/
गाभाऱ्यातली मूर्ती अखंड पाषाणाची, माणसाच्या उंचीहून मोठी. बहुतेक प्रवासी दर्शन घेऊन परततात. नात मात्र देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला जाते, कारण या वास्तूचे खरे शहाणपण पाठीमागे आहे. गाभाऱ्याची मागील भिंत सपाट नाही. माशासारखी निमुळती होत जाणारी ती भिंत पुढे आलेली आहे. पुराचे पाणी सपाट भिंतीवर आदळले असते तर तिचा सगळा भार दगडांवर आला असता. निमुळत्या टोकावर ते दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. नदीला अडवायचे नाही, तिला वाट द्यायची, हे या बांधकामाचे सूत्र. पुढे विसाव्या शतकात वरच्या बाजूला धोमचे धरण झाले. त्यापूर्वीची दोन शतके हे देऊळ आपल्या पाठीच्या बळावर उभे होते.

७/
‘बांधणारा गणपतराव रास्ते’ असे नात वहीत लिहिते. पायरीवर बसलेल्या आजी विचारतात, “दगूड त्यानंच घडवला व्हय गं?” नात हसते, पण लेखणी थांबते. बांधवून घेणाऱ्याचे नाव आणि साल उरले आहे. नदीच्या वेगाचा अंदाज घेऊन ती भिंत नेमकी किती निमुळती करायची, हे ज्या हातांनी ठरवले, त्यांचे नाव या वहीत कोणत्या रकान्यात लिहायचे?

८/
दुपारी दोघी मेणवलीला जातात. वाईपासून हे अंतर जेमतेम एका कोसाचे. येथे नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि वाड्यामागे कृष्णेचा घाट. ‘स्वदेस’ चित्रपटातला हाच तो घाट, म्हणून तरुण मंडळी छायाचित्रे काढत असतात. घाटावरील देवळापाशी टांगलेली घंटा मात्र फार दूरच्या किनाऱ्यावरून आलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे आणि १७०७ हे साल. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. त्यांपैकी ही एक. वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झालेला नव्हता.

९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र मेणवलीचे मोल घंटेहून कागदांसाठी अधिक. नानांचे खासगी दप्तर या गावी राहिले. १८०० मध्ये नाना गेले, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, १८२८ मध्ये शनिवारवाडा आगीत जळाला. मेणवलीचे रुमाल मात्र टिकले. पुढे द. ब. पारसनीसांनी ते मिळवले आणि आज हे दप्तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अभ्यासकांपुढे आहे. पेशवाईच्या उत्तरार्धाविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातले पुष्कळसे कोणीतरी कागद जपून ठेवले, एवढ्यानेच माहीत आहे.

१०/
परतताना दोघी वाईतील गंगापुरीतून जातात. येथे मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. रविवार असल्याने दार बंद. १९७६ मध्ये पहिला खंड निघालेला हा कोश वीस खंडांपर्यंत गेला. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्या हाताखाली ते घडले. याच पाठशाळेत १९१७ मध्ये विनोबाही शिकून गेले.

११/
‘दक्षिण काशी’तल्या या पाठशाळेतून जे बाहेर पडले, ते केवळ कर्मकांड नव्हते. १९३२ मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने शास्त्रार्थ मांडण्यास तर्कतीर्थ पुढे आले. १९३३ मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला, तेव्हा पौरोहित्य त्यांनीच केले. ज्या ग्रंथांच्या आधाराने दारे बंद झाली होती, तेच ग्रंथ उघडून त्यांनी दार किलकिले केले.

१२/
नात हे सारे उत्साहाने सांगते. आजी बराच वेळ ऐकून घेतात आणि मग म्हणतात, “माझी आय मोळी इकायला वाईला यायची. घाट लांबनं बघायचा. तहान लागली तरी हितं उतरायचं न्हाई. पार खालच्या अंगाला जायाचं, समद्यांचं धुऊन झाल्यालं पानी असायचं, तिथं.”

नात विचारते, “हे तू कधी सांगितलं नाहीस?”

“तू घाट कुनी बांधला तेवढंच इचारलंस. पानी कुनी भरलं, ते न्हाई इचारलंस.”

१३/
खालचे अंग म्हणजे प्रवाहाची उतरती दिशा. आपल्या समाजाने मात्र या भौगोलिक शब्दाचा सामाजिक दर्जा केला. नदी एक, पाणी एक. पण कोणी कोठे ओंजळ भरायची, हे जन्माने ठरे. वाईचे घाट सुंदर आहेत, हे खरे. त्या सौंदर्याच्या पायऱ्या सर्वांसाठी नव्हत्या, हेही तितकेच खरे. दुसरे सत्य सांगितल्याने पहिले लहान होत नाही. दोन्ही सांगितली नाहीत, तर तो इतिहास राहत नाही, नुसते कौतुक उरते.

१४/
उन्हे उतरताना आजी आपली जागा सांगतात. ती खालच्या अंगाची नव्हे, गणपतीसमोरच्या घाटाची आहे. नातीचा हात धरून त्या एकेक पायरी उतरतात, शेवटच्या पायरीवर बसतात आणि दोन्ही पाय पाण्यात सोडतात. कोणी अडवत नाही, कोणाचे लक्षही जात नाही. बाजूला मुले पोहत आहेत. आजी ओंजळभर पाणी घेतात, क्षणभर धरतात आणि पुन्हा नदीत सोडतात. “आयच्या नावानं,” एवढेच म्हणतात.

१५/
रास्त्यांचे नाव आणि साल टिकून राहिले. नानांचे कागद रुमालांत बांधले गेले. मोळी विकणाऱ्या बाईचे दप्तर नसते. तिची आठवण एका म्हातारीपाशी असते आणि विचारले नाही तर तिच्याबरोबरच जाते. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी घाट जरूर पाहावेत, माशाच्या पाठीची ती भिंत तर पाहावीच. मात्र निघण्यापूर्वी घरातल्या वृद्धांना एकदा विचारावे, की त्यांच्या माणसांनी पाणी कोठून भरले.

१६/
परतीच्या एसटीत आजींना झोप लागते. खंबाटकीचा चढ सुरू होतो, बसमधले दिवे मंद होतात. नात वही उघडते. ‘१७६२, गणपतराव रास्ते’ या नोंदीखाली आणखी एक ओळ लिहिते : ‘आजीची आई. मोळी विकण्यासाठी वाईला येत असे. घाटावर उतरण्यास मनाई. पाणी खालच्या अंगाला.’ पुढे आजच्या दिवसाची तारीख घालते आणि सांगणाऱ्याच्या रकान्यात आजींचे पूर्ण नाव लिहिते.

(समाप्त)