लिटर, वय आणि एक जून

एका ब्रिटिश प्रयोगाचा निकाल माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तो २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. हर्टफर्डशायरमधल्या पाच दवाखान्यांतले, पस्तिशी उलटलेले ५६१ धूम्रपान करणारे लोक त्यात घेतले होते. सगळ्यांना स्पायरोमीटरच्या नळीत जोर लावून फुंकायला सांगितलं, सगळ्यांना सिगारेट सोडण्याचा सल्ला दिला, मदत कुठे मिळेल तेही सांगितलं. निम्म्यांना निकाल नुसत्या लिटरच्या आकड्यात कळवला. उरलेल्या निम्म्यांना तिथल्या तिथे आलेख दाखवून ‘तुमच्या फुप्फुसाचं वय इतकं’, म्हणजे तेवढी फुंकर ज्या वयाच्या निरोगी माणसाची असते ते वय, असं सांगितलं. वर्षभरानं श्वास आणि लाळ तपासून खात्री केली, तेव्हा लिटरवाल्यांपैकी ६.४ टक्के सिगारेटमधून सुटले होते आणि वयवाल्यांपैकी १३.६ टक्के. दुपटीहून जास्त! पण मला चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. ज्यांचं फुप्फुस वयापेक्षा म्हातारं निघालं ते जास्त संख्येनं सुटले असतील, असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. ज्यांचं फुप्फुस वयाला साजेसं होतं, तेही जवळपास तितकेच सुटले.

म्हणजे काम भीतीनं केलं नव्हतं. मग कशानं केलं? माझा तर्क असा, की आपल्या छातीत काय चाललंय हे माणसाला पहिल्यांदाच त्याला कळेल अशा मापात, समोर बसून कुणीतरी सांगितलं. ‘दोन पूर्णांक एक लिटर’ ऐकून बिडी ओढणाऱ्याला काय बोध होणार? आपल्याकडे तर तेवढंही होत नाही. खोकला महिनाभर हटला नाही की छातीचा फोटो काढतात, फोटोत डाग नाही म्हटलं की माणूस दवाखान्याच्या दारातच काडी ओढतो. श्वासनळ्या हळूहळू आखडत जातात ते फोटोत सुरुवातीला दिसतच नाही, ते फुंकल्यावर दिसतं. आणि सोडल्याचा फायदा काय, याचंही उत्तर याच तपासणीनं दिलंय. अमेरिका-कॅनडात हजारो धूम्रपान करणाऱ्यांवर अकरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ओढत राहिलेल्या पुरुषांची फुंकायची ताकद वर्षाला सरासरी ६६ मिलिलिटरनं घटली, सोडलेल्यांची ३० नं. गेलेलं परत येत नाही, पण गळती निम्म्यावर येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: तपासणी चांगली आली तर माणूस म्हणेल, ‘आपली छाती ठणठणीत, अजून वीस वर्षं ओढू.’ ही शंका मलाही होती. पण पोलंडमध्ये सुमारे साडेचार हजार धूम्रपान करणाऱ्यांची अशी तपासणी झाली, त्यात श्वासनळ्या आखडलेल्यांपैकी १६.३ टक्के वर्षभरानं सुटले होते आणि तपासणी चांगली आलेल्यांपैकीही १२ टक्के. चांगल्या निकालानं माणूस बिघडतो असं काही यातून दिसत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अशा सगळ्या प्रयोगांची एकत्र छाननी झाली तेव्हा शरीरातला बिघाड दाखवून व्यसन सुटतं याला भक्कम पुरावा मिळाला नाही, हर्टफर्डशायरचा निकाल अपवादासारखा उठून दिसला. हे मान्य करायलाच हवं. म्हणून मी तपासणीला उपाय म्हणणार नाही, बोलणं सुरू करायचं निमित्त म्हणेन.

हे निमित्त ऊसतोड कामगारांच्या बीड जिल्ह्यात आणायचं तर मात्र माझाच उत्साह अडखळतो. फुप्फुसाच्या वयाचं सूत्र १९८५ मध्ये मॉरिस आणि टेम्पल यांनी अमेरिकी लोकांच्या आकड्यांवरून बसवलं. त्यात पुरुषानं शंभर मिलिलिटर कमी फुंकलं की त्याचं फुप्फुस तीन वर्षांनी म्हातारं होतं. आता निरोगी, कधीच बिडी न ओढलेल्या भारतीयाचा आकडाही गोऱ्या माणसाच्या आकड्यापेक्षा कमीच येतो. तेच सूत्र गेवराईच्या किंवा धारूरच्या माणसाला लावलं, तर काहीही न करता तो दहा-पंधरा वर्षांनी म्हातारा ठरू शकतो. शिवाय हे वय कशाशी ताडून बघायचं? जुन्या पिढीतल्या कितीजणांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेली एक जून आहे! जे शाळेतच गेले नाहीत त्यांचं वय आधारवर अंदाजानं चढलेलं. फुप्फुसाचं वय बासष्ट आणि माणसाचं ‘असंल पन्नास-पंचावन’, यातून कसली वजाबाकी करणार? बाईच्या बाबतीत घोटाळा आणखी मोठा. चुलीच्या धुरानं तिच्या श्वासनळ्या बिडी न ओढताच आखडलेल्या असू शकतात. उसाच्या फडावरच्या कोपीत पाचट-चिपाडं पेटवून स्वयंपाक करणारीला ‘सोडा’ म्हणून काय सोडायला सांगणार?

कुणी म्हणेल, आकडा थोडा फुगला तर फुगू द्या, बिडी तर सुटेल. इथेच मी अडून बसतो. घाबरवून इलाज गळ्यात मारणं म्हणजे काय, हे या जिल्ह्यानं पाहिलं आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली आढळली. ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य कितीतरी जणींनी ऐकलं होतं. त्याच गावात आपण चांगल्या हेतूनं का होईना, पण फुगवलेलं वय सांगायचं? मला ते पटत नाही. भारतीय मापं वापरावीत, वयाचा आकडा न सांगता ‘तुमच्या उंचीच्या, साधारण तुमच्या वयाच्या शंभरातले बहुतेक जण तुमच्यापेक्षा जास्त फुंकतात’ असं सांगावं, आणि चुलीचा हिशेब वेगळा धरावा.

आणखी एक गोष्ट या सगळ्या चर्चेला छोटी करून टाकते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के, तर मळून, चघळून किंवा मिश्री लावून तंबाखू घेणारे २४.४ टक्के. त्यांच्या तोंडात काय शिजतंय हे फुंकून कळणार नाही. मग नळी फक्त बिडीवाल्यांसाठीच? हो, तेवढ्यांसाठीच. बिडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य साधारण सहा वर्षांनी आणि बाईचं आठ वर्षांनी घटतं, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात दिसलं, तेवढं कारण मला पुरतं. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, यंत्राची अडचण तिथे नसावी. अडचण वर्षभराच्या पाठपुराव्याची आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात निघतात आणि उन्हाळ्यात परततात. नळीत फुंकायला सांगायचं तर ते पावसाळ्यातच, गाड्या भरायच्या आत. पुढचे सहा महिने फडावर थंडीच्या पहाटे, कोयता हातात घ्यायच्या आधी बिडी पेटवायची की नाही, हे त्या माणसाला विचारायला कोण जाणार, ते मला अजून सुचलेलं नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा फुकट सरकारी क्रमांक आहे, तो निदान तपासणीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापावा. लिटरच्या आकड्याच्या जागी.