धुण्याचे शब्द

पाचवीत मी आश्रमशाळेत गेले तेव्हा मला मराठी वाचता येत होते, पण मराठीत धुता येत नव्हते. एटापल्ली तालुक्यातल्या आमच्या गावी घरोघरी माडिया बोलतात. पाण्याला आम्ही 'एर' म्हणतो. शाळेत मात्र भांडी घासायची, मग विसळायची. कपडे धुवायचे, खंगाळायचे, पिळायचे. चूळ भरायची ती वेगळीच. 'ताटे विसळून आण' म्हटले की मी राख घेऊन घासत बसे. घरून आणलेले करंजाचे दातवणही मला फेकायला लावले. 'हिला स्वच्छता ठाऊकच नाही,' असा शेरा माझ्या नावावर कायमचा बसला.

सातवीत बाईंनी एकदा हळूच विचारले, "तुला न्हाण आले का ग?"

मी म्हटले, "हो बाई, आत्ताच न्हाऊन आले."

मुली खो खो हसल्या. पहिल्या पाळीला मराठीत 'न्हाण येणे' म्हणतात, हे मला कोण सांगणार? आमच्याकडे त्या दिवसांत बाई गावाबाहेरच्या कुर्माघरात राहते. त्याविषयी बोलायचे ते तिथेच, बायकाबायकांत. काही महिन्यांनी मला खरेच न्हाण आले, तेव्हा ते हसू आठवून मी कोणालाच सांगितले नाही. जुनी फडकी अंधारात धुवायची आणि गादीखाली दडपून वाळवायची. ओलसर फडक्यांनी मांड्या सोलवटल्या, आठवडाभर नीट चालवेना. मग मात्र बाईंना कळलेच.

गेल्या वर्षी खोलीतल्या मैत्रिणीने मला कोरियन मालिकांचा नाद लावला. रेंज असेल त्या रात्री आम्ही मोबाइलला डोळे लावून बसतो. ऐकलेले शब्द मी वहीत उतरवू लागले, आणि पाहते तो पहिले पान धुण्याच्याच शब्दांनी भरलेले! हात किंवा भाजी धुणे म्हणजे 'सित्ता'. कपड्यांना 'प्पाल्दा', खरकट्या भांड्यांना 'सल्गोजी'. केस धुण्याला 'गामता', आणि ओढ्यात अंघोळ करण्यालाही तेच क्रियापद. म्हणजे आपले 'न्हाणे'च की! तोंड धुण्याला 'सेसू' म्हणतात. त्याची चिनी अक्षरे पाहावीत तर अर्थ निघतो 'हात धुणे'.

सगळ्यात गंमत 'यांगची'ची. दात घासण्याचा हा शब्द मुळात 'यांगजी', म्हणजे वाळुंजाची काडी. भारतातल्या बौद्ध भिक्षूंच्या दंतकाष्ठाला चिनी ग्रंथांत हेच नाव मिळाले होते. आज सोलमध्ये ब्रशने दात घासणारा माणूसदेखील बोलताना दातवणच करतो! त्या रात्री मला माझे फेकलेले दातवण आठवले आणि हसू आले. मग थोडे रडूही आले.

उद्या मी कोरियात गेले आणि 'सित्ता'च्या जागी 'प्पाल्दा' म्हटले, तर तिथले लोक मला परकी म्हणतील. मळकी म्हणणार नाहीत. शाळेत मी रोज ओढ्यावर अंघोळ करीत होते. मळ अंगावर नव्हताच. नव्हता तो शब्द.

परवा शेजारच्या खोलीत आतल्या गावची एक नवी मुलगी आली. दोन दिवस ती पोट धरून गप्प बसून होती. मी तिच्याजवळ जाऊन आधी माडियात विचारले. तिने मान हलवली. मग तिला कोरडे कापड दिले, उन्हातली दोरी दाखवली, आणि सांगितले, "मराठीत याला न्हाण म्हणतात. कोणी विचारले तर घाबरू नकोस."