दट्ट्याचे माप

पिस्टनला मराठीत दट्ट्या म्हणतात, हे मी गेली वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. पण दट्ट्या म्हणजे काय चीज आहे, हे मात्र मला गेल्या मे महिन्यात खंबाटकीच्या घाटात कळले. पुण्याहून साताऱ्याला येताना, ऐन चढावर, आप्पांची 1975 सालची बुलेट 'कर्र' असा आवाज करून जागच्या जागी थांबली. मागे बसलेल्या सौभाग्यवती खाली उतरल्या, त्यांनी पदर सावरला आणि एवढेच विचारले, "निघताना तेल पाहिले होते का?"

पाहिले नव्हते.

गाडी टेम्पोत बसून मिस्त्रींच्या दारी आली. त्यांनी हेड उतरवले, ब्लॉक वर ओढून काढला आणि पिस्टन माझ्या हातावर ठेवला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते. "सर, ब्लॉक बिडाचा, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा," मिस्त्री म्हणाले. "तापला की अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून दोघांत केसाएवढी फट ठेवतात आणि त्या फटीत तेल असते. या इंजिनाला पाण्याचे सुख नाही. ब्लॉकच्या पाकळ्यांवरून वारा गेला, तरच ते थंड होणार. चढावर वेग कमी, वारा कमी आणि वर तुमचे तेल कमी!"

नापास झालेल्या विद्यार्थ्यासारखा मी ऐकत राहिलो.

आता ब्लॉक आतून घासून मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन घालायचा, हे ठरले. प्रश्न होता, केवढा मोठा? मुळात बोअर 70 मिलिमीटर, पिस्टनची धाव 90; म्हणजे 346 सी.सी. आप्पांच्या टाचणवहीत दोन नोंदी होत्या : 1990, बोअर, 20 साईज, 2006, 40 साईज. हे आकडे इंचाच्या हजारांशांचे. आता मिस्त्रींच्या हिशेबी एकच साईज उरली होती, 60.

"छे!" आमचे चिरंजीव म्हणाले. ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि मित्रांबरोबर लडाखला जाण्याच्या बेतात आहेत. "एवीतेवी इंजिन उघडलेच आहे, तर पाचशेचा ब्लॉक बसवू. बोअर 84." त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर गणितही मांडले. व्यास 1.2 पट, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढते, म्हणून 1.44 पट. धाव तीच ठेवून 499 सी.सी.!

मी वर्गातला आवाज काढला. "आजोबांच्या गाडीचे मूळ रूप बदलायचे नाही. जुनी पोथी छापताना आपण पदरचे शब्द घालतो का?"

वर्तमानपत्राआडून आप्पा म्हणाले, "मला कुणी विचारले का? 1975 साली आपल्याकडे पाचशेची मिळत असती, तर मी कर्ज काढून तीच घेतली असती."

झाले! ज्यांच्या वतीने मी भांडत होतो, तेच फितूर निघाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघेही मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी शांतपणे हिशेब सांगितला. पाचशेच्या ब्लॉकचा गळा या केसमध्ये उतरत नाही. केसचे तोंड खरडून मोठे करावे लागेल. खरडलेला धातू परत येत नाही आणि इंजिनाचा नंबर त्याच केसवर आहे. हेड बदला, कार्बोरेटर बदला. पिस्टन जड होणार, तेव्हा क्रँकचा तोलही पुन्हा साधा. दर स्फोटाला जास्त मिश्रण जळणार, म्हणजे उष्णताही जास्त. "आणि आर. सी. पुस्तकात 346 लिहिले आहे. साठ साईज ही दुरुस्ती, साहेब. पाचशे हा बदल. त्याला सरकारची परवानगी लागते."

आप्पांची सारी नोकरी कोषागारात गेली. ते चटकन म्हणाले, "नको. पुस्तकात एक आणि गाडीत एक, असे मी कधी केले नाही." मग ब्लॉकच्या आतून त्यांनी बोट फिरवले आणि विचारले, "साठनंतर काय?"

"साठनंतर स्लीव्ह. आत बिडाची नळी ठोकायची आणि पुन्हा सत्तरपासून सुरुवात."

"ब्लॉकचे बरे आहे," आप्पा म्हणाले.

यावर कुणीच काही बोलले नाही. मिस्त्रींनी उगीचच एक पाना पुसून जागेवर ठेवला.

साठ साईज झाली. चिरंजीवांनी परत गणित केले : बोअर साडेएकाहत्तर, सुमारे 361 सी.सी. "पंधरा तर वाढले!" टाचणवहीतली नोंद आप्पांनी त्यांच्याकडूनच लिहून घेतली.

नवा पिस्टन मात्र लोणच्यासारखा मुरावा लागतो. पहिली पाचशे किलोमीटरे चाळीसच्या वर जायचे नाही, चढावर इंजिन रेटायचे नाही, अशी मिस्त्रींची सक्त ताकीद आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आप्पांना दुचाकीवर बसायची घरात बंदी होती. पण चाळीसच्या वेगाला कोण हरकत घेणार? रोज सकाळी चिरंजीव तेल पाहतात, आप्पा मागे बसतात आणि दोघे सपाट रस्त्याने रमतगमत जाऊन येतात. लडाख जरा लांबणीवर पडले आहे.

काल मीटरवर चारशे ऐंशी झाले. चिरंजीवांनी ते आनंदाने जाहीर केले. आप्पा चहा ढवळत म्हणाले, "मिस्त्री पाचशे म्हणाले खरे, पण हजार केलेले बरे."