पहिली बांग

लखनौच्या जुन्या वस्तीत, चौक आणि नक्खास यांच्या परिसरात, जुन्या पद्धतीच्या घराचे अंगण घराच्या मधोमध असते आणि खोल्या त्याच्या भोवती उभ्या असतात. मराठी घराच्या मागचे परसू जी कामे करते ती सारी कामे हे अंगणच करते. वाळवण तेथे पडते, भांडी तेथे घासली जातात आणि कोंबड्यांचे खुराडेही तेथेच एखाद्या कोपऱ्यात असते. त्यामुळे अशा घरातला कोंबडा आरवतो तो कोठे दूर, कुंपणापलीकडे आरवत नाही. चारी भिंती तो आवाज आधी एकमेकींकडे परतवतात आणि मगच वरच्या उघड्या आभाळात सोडून देतात. जून महिन्यात लखनौचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा सुमारे पाऊण तास आधी, सव्वापाचच्या सुमारास उगवतो. पहिली बांग त्याच्याही बरीच आधी होते. माणसाच्या हिशेबाने ती रात्रच असते.

कोंबड्याबरोबर राहणे म्हणजे या वेळेबरोबर राहणे होय. दिवसा त्याचा त्रास फारसा नसतो. तो माती उकरतो, दाणा सापडला की कोंबड्यांना बोलावतो, घारीची सावली पडली की इशारा देतो. घरातल्या माणसांकडे तो एका डोळ्याने, मान तिरपी करून, काहीशा संशयाने पाहतो. त्याचे खरे सान्निध्य सुरू होते ते मध्यरात्र उलटल्यावर. पहिले काही दिवस माणूस त्या आवाजाने जागा होतो. पुढे तो आवाजाच्या आधी जागा होऊ लागतो आणि अंधारात बांगेची वाट पाहत पडून राहतो. ही दुसरी अवस्था अधिक अवघड असते, कारण तिच्यात झोपमोडीला कोंबडा निमित्तही उरत नाही. दोन बांगांमधली शांतताही मग ऐकू येऊ लागते. गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर येते, त्याला तिसरीकडून प्रत्युत्तर येते, आणि निजलेल्या मोहल्ल्यावर एक संभाषण सुरू होते. त्यातले एक अक्षरही माणसाला उद्देशून नसते.

या शेवटच्या गोष्टीकडे माणसाने फार काळ दुर्लक्ष केले आहे. 'कोंबडे झाकले म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही' ही म्हण मराठीत कोणी कोणाला ऐकवली नाही असे घर विरळा. म्हणीचा रोख सत्य दडवणाऱ्यावर आहे. पण तिने एक गोष्ट गृहीत धरली आहे. टोपलीखाली झाकलेला कोंबडा उजेड न दिसल्यामुळे गप्प राहील, हे ते गृहीत. जपानमधील नागोया विद्यापीठातील त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा या संशोधकांनी २०१३ मध्ये नेमके हेच तपासले. दिवस-रात्रीचा भेद पुसून टाकणाऱ्या सतत मंद प्रकाशात कोंबडे ठेवले, तरी ते सुमारे चोवीस तासांच्या आवर्तनाने आपल्या वेळी आरवत राहिले. नेहमीच्या दिवस-रात्रीत त्यांची बांग उजेडाच्या सुमारे दोन तास आधी सुरू होत होती. दिव्याचा प्रकाश किंवा दुसऱ्याची बांग त्यांना आरवण्यास प्रवृत्त करते हे खरे; परंतु त्या चेतवणीला किती प्रतिसाद द्यायचा हेही आतले घड्याळच ठरवते. म्हणजे झाकल्याने सूर्य थांबत नाही, आणि कोंबडाही थांबत नाही. लखनौच्या डिसेंबर-जानेवारीत याचा प्रत्यय आपोआप येतो. धुक्याने समोरची भिंत दिसेनाशी होते, सूर्याचे दर्शन दुपारपर्यंत लांबते, पण खुराड्यातली बांग ठरल्या वेळी होते. ज्याला 'पहाटेचा दूत' म्हटले गेले त्याला पहाट पाहण्याची गरजच नसते.

मग तो आरवतो कशासाठी? त्याच संशोधनाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या भागात याचे उत्तर आहे. एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहिली बांग देण्याचा अधिकार सर्वांत वरच्या कोंबड्याचा असतो. बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे त्याच्यामागून आरवतात. वरचा कोंबडा बाजूला काढला तर दुसऱ्या क्रमांकाचा प्रारंभ करतो. तेव्हा बांग ही हद्दीची आणि मानाची घोषणा आहे. झुंज टाळण्यासाठी रोज नव्याने म्हटलेले ते आपले नाव आहे. चाणक्याच्या नावावर असलेल्या नीतिसंग्रहात कोंबड्याकडून चार गोष्टी शिकाव्यात असे सांगितले आहे: वेळेवर उठणे, लढणे, आप्तांना वाटा देणे आणि स्वतः मिळवून खाणे. उठणे आणि लढणे ही दोन त्या यादीत शेजारी यावीत, हा निरीक्षणाचाच भाग असला पाहिजे.

लखनौने या दोहोंपैकी लढण्याला अधिक मान दिला. असफुद्दौलाने १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून येथे आणली आणि दरबाराबरोबर दरबाराचे छंदही आले. योहान झोफानी या चित्रकाराने १७८४ ते १७८६ या काळात रंगवलेले 'कर्नल मॉर्डंटची कोंबड्यांची झुंज' हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात नवाब आणि कंपनीचे गोरे अधिकारी एकाच गर्दीत, एकाच उत्सुकतेने, दोन पक्ष्यांभोवती जमले आहेत. हुकमत कोणाची हा प्रश्न त्या काळी अवधात मोठा होता, आणि तो रिंगणात सोडवला जात असल्याचा आभास दोन्ही बाजूंना सोयीचा होता. अब्दुल हलीम शरर यांनी 'गुजिश्ता लखनऊ'त या मुर्गबाजीचे सविस्तर वर्णन केले आहे. झुंजीचा कोंबडा 'असील' जातीचा. मूळचा, खानदानी, हा त्या अरबी शब्दाचा अर्थ. मराठीतला 'अस्सल' त्याच धातूचा. या खानदानाची दुसरी बाजूही नोंदवण्याजोगी आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज उत्तरेकडच्या, तराईच्या रानांतही आढळणारा तांबडा रानकोंबडा असला, तरी अनेक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग दक्षिणेच्या, सह्याद्रीत राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ च्या जनुकीय अभ्यासात दिसून आले. अस्सलपणातही असा संकर असतो. पुढे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे गुन्हा ठरवले.

आवाजाकडे लक्ष दिले ते व्याकरणाने. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत या स्वरांच्या मात्रा सांगताना उदाहरणासाठी 'अ' न घेता 'उ' हा स्वर घेतला. असे का, याचे पंडितपरंपरेतले उत्तर मोठे हृद्य आहे: कोंबड्याच्या आरवण्यात 'उ'ची तिन्ही लांबी क्रमाने ऐकू येतात. पहाटे शिष्य पाठाला बसत तेव्हा ते उदाहरण अंगणात सिद्धच असणार. याच लखनौत १९२६ मध्ये विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून संगीताचे महाविद्यालय उभे राहिले, श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते दीर्घकाळ सांभाळले आणि आज ते भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. भातखंड्यांनी रागांना प्रहरांच्या चक्रात बसवले. पहाट आणि सांज या संधिकाळांना त्यांचे वेगळे राग दिले. मराठी माणसाने लखनौला दिलेल्या देणग्यांत वेळेचा हा विचार फार मोलाचा आहे. फरक एवढाच की गायकाला ती वेळ शिकावी लागते.

परंतु वेळेवर उठण्याची ही सारी स्तुती करताना, उठत कोण होते हे विसरून चालणार नाही. महाराष्ट्राच्या खेड्यांत 'पहिल्या कोंबड्याला उठणे' हे स्त्रीचे कर्तव्य होते. दळण तिचे, सडा तिचा, पाणी तिचे. कोंबड्याने हाक साऱ्या घराला दिली. उठली मात्र एकच. जात्यावरच्या ओवीला आपण वाङ्मयाचे धन मानतो, ते योग्यच. पण ते धन झोपेतून कापून काढलेले आहे. म्हणून विजेची गिरणी गावात आली तेव्हा बांगेचा अर्थच बदलला. ती पुन्हा कोंबड्याची झाली.

अहल्येच्या लोकप्रचलित कथेत इंद्र कोंबड्याच्या आवाजात खोटी पहाट करतो आणि गौतम अवेळी नदीवर जातात. बायबलमध्ये कोंबडा आरवताच पीटरला आपण तीनदा नाकारलेल्या प्रभूची आठवण होते. हदीसमध्ये कोंबड्याला शिव्या देऊ नयेत, कारण तो नमाजासाठी जागवतो, असे सांगितले आहे. लखनौच्या गल्लीत कोंबड्याचा आवाज आणि मशिदीतली अजान या दोहोंसाठी 'बांग' हा एकच शब्द चालतो, तो मराठीतही आहे. एवढ्या धर्मांनी आणि कथांनी ज्याच्या गळ्यात आपला विवेक ठेवला, त्याच्याविषयी शेजाऱ्याची तक्रार आली म्हणजे काय करावे?

तक्रार खोटी नसते. कोंबड्यापासून एक मीटरवर बांगेचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. भारताच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा पंचेचाळीस डेसिबल आहे. शेजारी आजारी असेल, रात्रपाळी करून आलेला असेल, तान्हे मूल नुकतेच झोपले असेल. फ्रान्समधील ओलेरों बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध असाच खटला झाला. २०१९ मध्ये रोशफोरच्या न्यायालयाने त्याचा आरवण्याचा हक्क मान्य केला, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या देशाने ग्रामीण भागातील आवाज आणि गंध यांना वारशाचा दर्जा देणारा कायदा केला. मोरिस २०२० मध्येच मेला होता. लखनौची गल्ली मात्र खेडे नाही. तेथे हा प्रश्न दोन दारांमधल्या बोलण्यानेच सुटतो. खुराडे दुसऱ्या भिंतीकडे सरकते, रात्री त्यावर गोणपाट पडते, कधी वाटीभर अंडी पलीकडे जातात.

आणि कधी कोंबडाच जातो. अंडे देण्यासाठी कोंबडीला त्याची आवश्यकता नसते. पिल्ले हवी असतील तरच असते. अंड्यांच्या उद्योगात नर पिल्ले जन्मल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली, ती अपवाद म्हणूनच गाजली. परसातला कोंबडा त्या पहिल्या दिवसातून वाचलेला असतो, आणि पुढचा प्रत्येक दिवस तो घरच्यांच्या इच्छेवर जगतो. पाहुणा येणे, सण येणे, शेजाऱ्याचे सौजन्य संपणे, यांपैकी काहीही त्याला पुरते. हे त्याला ठाऊक नसते. घराला ते सतत ठाऊक असते. अंगणात आपल्या मानाची घोषणा करणारा प्राणी आणि त्याच्या आयुष्याचा निर्णय उशाशी घेऊन निजलेली माणसे, असे ते सहजीवन आहे. त्याला ठेवून घेणारे घर म्हणूनच काही एक मान्य करत असते: पहाट आपल्या सोयीने होत नाही, आणि जो आपल्याला उपयोगी नाही त्यालाही त्याची वेळ असू द्यावी. हा निर्णय एकदाच घेऊन भागत नाही. तो रोज, अर्धवट झोपेत, कूस बदलताना पुन्हा घ्यावा लागतो.