ज्याचा हात आत, चावी त्याच्या खिशात

आमच्या डाव्या हाताला तीनच बोटे आहेत. लहान मुले त्याविषयी विचारतात आणि मोठी माणसे बघून न बघितल्यासारखे करतात. १९७९ साली मुंबईत एका खाजगी गॅरेजात आम्ही हेल्पर होतो. ट्रकच्या इंजिनात हात घालून पंख्याचा पट्टा बसवीत असता वर केबिनमध्ये बसलेल्या माणसाने चावी फिरविली. तो माणूस वाईट नव्हता. आमचा हात आत आहे हे त्याला दिसत नव्हते, एवढेच. पुढे तीस वर्षे आम्ही डिझेल इंजिनाचीच कामे केली, आणि आता सावंतवाडीत घरी बसून आहोत. ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण आमचा भाचा.

भाच्याने आयटीआय केली. नोकरी मिळेना, म्हणून देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी पर्यटकांना फिरविणाऱ्या एका बोटीवर तो हेल्पर म्हणून लागला. आमच्या बहिणीच्या जिवाला तेव्हापासून घोर. सावंतवाडीची माणसे आम्ही. आमचे पाणी म्हणजे मोती तलाव, तेही काठावरून पाहायचे. त्यात मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोन जीव गेले, ते ती विसरलेली नाही. गेल्या मे महिन्यात एका रात्री भाच्याचा फोन आला.

"मामानू, इंजिन रेस घेता, पण बोट पुढे जायना. मालक सांगतत, झाकण उघड आणि हात घाल."

हात घाल म्हटल्याबरोबर आमची नसलेली दोन बोटे दुखली. बहीण शेजारीच होती. ती एवढेच म्हणाली, "दादा, माझो एकच झील आसा. तू एकदा जावन बघून ये." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही कुडाळमार्गे मालवण गाठले आणि तेथून देवबाग.

ती बोट साधी नव्हती, जेट बोट होती. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. आपल्या मच्छीमारांच्या बोटीला मागे पाण्यात पंखा फिरत असतो. जेट बोटीला बाहेर पंखा नाही. तळाला एक जाळी असते, तिच्यातून पाणी आत खेचले जाते. आत नळकांड्यात पंखा फिरतो आणि मागच्या तोंडातून पाणी जोराने फेकतो. त्या धक्क्याने बोट पुढे पळते. मागचे तोंड डावी-उजवीकडे वळविले की बोट वळते. म्हणूनच रेस पूर्ण सोडली, तर सुकाणू फिरवूनही बोट नीट वळत नाही. हे नवख्याला ठाऊक नसते.

ही युक्ती चालती केली न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन या शेतकरी-कारागिराने, १९५० च्या दशकात. त्याच्याकडच्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या. बाहेरचा पंखा तेथे मोडायचा. पुढे १९७७ मध्ये एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी अशाच जेट बोटी घेऊन गंगासागरापासून गंगेच्या उलट्या प्रवाहात थेट हिमालयात नंदप्रयागपर्यंत गेले. तेथे धबधब्याने वाट अडविली. म्हणजे हे यंत्र मोठे गुणी आहे. पण त्याचा एक दोष आहे. जे पाण्यात तरंगते, ते सगळे हे तोंडात घेते. शेवाळ, जाळ्याचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या, दोरी, वाळू.

तोंडात अडकलेले काढायचे कसे? त्यासाठी काही जेट बोटींना मागच्या बाजूस एक झाकण असते. झाकणाखाली एक उभी नळी, ती सरळ पंख्याच्या पुढच्या पोकळीत उतरते. त्या नळीत एक जाड बूच घट्ट बसविलेले असते. त्यालाच क्लीन-आऊट प्लग म्हणतात. बूच काढायचे, हात घालायचा, कचरा काढायचा, बूच परत लावायचे. काम पाच मिनिटांचे. पण हे बूच म्हणजे बोटीचे तळबूच नव्हे. तळबूच बोटीत साचलेले पाणी किनाऱ्यावर काढण्यासाठी असते. ते लावायला विसरून बोट पाण्यात ढकलली, तर बोट भरते. दोन्ही बुचे वेगळी, आणि दोन्ही रोज तपासावी लागतात.

आम्ही बोट पाहिली तेव्हा ते मोठे बूच नायलॉनच्या दोरीने आवळून बांधलेले होते. झाकणाखाली एक छोटा स्विच असतो. झाकण उघडले की इंजिन बंद पडावे, चालू होऊच नये, यासाठी तो ठेवलेला असतो. त्या स्विचच्या दोन्ही तारा पिळून एकत्र जोडलेल्या होत्या. म्हणजे झाकण उघडे असो, बूच बाहेर असो, कोणाचा हात आत असो, चावी फिरविली की इंजिन सुरू. आणि या बोटीत इंजिन सुरू म्हणजे आतला पंखाही सुरू. मोटारीसारखा न्यूट्रल तेथे नाही.

आम्ही मालकांना विचारले. ते म्हणाले, "मिस्त्रीनू, तो स्विच सारखो इंजिन बंद पाडी. ही बोट आसा, ट्रक नाय. लाट इली की बोट किनाऱ्यार आदळता. तेवा चावी काढूक येळ खय आसा?"

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. लाट खरीच असते. पण त्याच लाटेला घाबरून चालक चटकन चावी फिरवितो, आणि मागे वाकलेल्या पोराचा हात पंख्यात असतो. १९७९ च्या त्या केबिनमधल्या माणसालाही कसली तरी घाईच होती.

आम्ही बोट नांगर टाकून स्थिर करावयास लावली. चावी काढून भाच्याच्या हाती दिली. चालकाच्या मनगटाला अडकवायची लाल दोरी असते, ती ओढली की इंजिन बंद पडते. ती क्लिपही काढून घेतली. बोटीवरच्या माणसांना पुढे बसविले, कारण मागे वजन झाले तर नळीचे तोंड पाण्याखाली जाते आणि बूच काढताच पाणी वर येते. मग बूच काढून टॉर्चने आत पाहिले. पंख्याच्या दांड्याला मासेमारीच्या जाळ्याचा धागा गुंडाळला होता. तो ओढून निघत नाही, ओढला की अधिक आवळतो. चाकूने लहान लहान तुकडे करून काढला.

बोट चालवून पाहिली. फरक पडला, पण दोष गेला नाही. रेस वाढविली की इंजिन ओरडते आणि बोट सुस्त. शेतातला पंप ज्यांनी चालविला आहे, त्यांना हे लगेच कळेल. फूटव्हॉल्व्हच्या पाइपाने हवा धरली की मोटर फिरते आणि पाणी पडत नाही. येथेही तेच. बूच घट्ट नसले तर आरंभी तेथून हवा आत जाते आणि पंखा पाण्याऐवजी फेस घुसळतो. वेग आल्यावर उलटे होते. आत शिरणारे पाणी बुचाला खालून वर रेटते. मग झाकणाखाली पाणी साचते, आणि कडी कमजोर असेल तर बूच उडूनही येते. मालकांनी दोरी बांधली होती ती याचसाठी. दोरीने बूच उडत नव्हते, पण गळतीही थांबत नव्हती.

दोष शोधण्यास आम्ही खडू वापरला. खडूची पूड ओली करून नळीच्या आतल्या कडेला लावली आणि बूच दाबून बसविले. काढून पाहतो तो बुचाच्या रबरी रिंगवर पांढरा ठसा सगळीकडे उमटला नव्हता. एका बाजूस चार बोटे जागा कोरी. रिंग तेथे चपटी होऊन चिरली होती. दुसरे म्हणजे, बूच अडकविणाऱ्या कडीत वाळू गच्च भरलेली, त्यामुळे ती पूर्ण फिरत नव्हती. तिसरे, त्याच वाळूने झाकण पुरते टेकत नव्हते. म्हणून तो बिचारा स्विच वारंवार इंजिन बंद पाडीत होता! स्विच खरे बोलत होता, आणि त्याचेच तोंड बांधले गेले.

कडी गोड्या पाण्याने धुतली. रिंगचे माप घेतले. मालक म्हणाले, ट्रकची कसली तरी रिंग घाला. आम्ही नाही म्हटले. जवळपासच्या मापाची रिंग आज बसते आणि भर खाडीत दगा देते. त्याच मापाचा भाग मागविला, तो यायला आठ दिवस लागणार होते. हंगाम संपत आलेला, पाऊस तोंडावर. मालकांचा चेहरा उतरला. भाच्याची आठ दिवसांची मजुरी बुडाली, हेही लिहिले पाहिजे. शहाणपण फुकट मिळत नाही, आणि त्याची किंमत बहुधा हेल्परच भरतो.

भाग आला. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावले. डिझेल किंवा साधे ग्रीस तेथे लावू नये, काही रबर त्याने फुगते. स्विच साफ करून तारा पूर्ववत जोडल्या. झाकण उघडून चावी फिरविली, इंजिन सुरू झाले नाही. झाकण लावले, सुरू झाले. बोट पळाली.

पुढची गोष्ट भाच्याने फोनवर सांगितली. दोन दिवसांनी पुन्हा प्लास्टिक अडकले. पर्यटक बसलेले, उशीर होत होता. मालक ओरडले, घाल हात. भाचा उभाच राहिला आणि म्हणाला, "मालक, चावी माझ्याकडे देवा, मगे हात घालतंय." मालक रागावले, पोरगा शेफारला म्हणाले. पण चावी दिली. पोराने ती खिशात घातली, हात घातला, पिशवी काढली, बूच लावून कडी फिरविली, झाकण टेकविले, आणि मग चावी परत केली. सारे मिळून पाच मिनिटे. आमच्या बहिणीला हे सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. पदराने डोळे पुसून चहा ठेवायला उठली.

ज्यांची मुले अशा बोटींवर कामाला आहेत, मग ते मालवण असो की गोवा, त्यांनी मुलांना पुढील गोष्टी जरूर सांगाव्यात. निदान कमरेएवढे पाणी असल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, उथळात वाळू आत जाते. रोज बूच काढून रिंग बोटाने चाचपावी. संध्याकाळी गोड्या पाण्याने इंजिन धुताना आधी इंजिन सुरू करावे, मग नळ सोडावा. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. नाहीतर पाणी इंजिनात चढते. पावसाळ्यात बोट वर काढून ठेवली की बूच सैल ठेवावे, म्हणजे रिंग चपटी होत नाही. आणि सुरक्षेचा स्विच त्रास देतो, तेव्हा तो का त्रास देतो ते आधी पाहावे.

बोट ज्यांनी पाहिलीही नाही, त्यांच्या घरीही हा नियम लागू आहे. मिक्सरमध्ये बोट घालण्याआधी प्लग भिंतीतून काढावा. गिरणीचा, रसवंतीचा, विहिरीवरच्या मोटरचा फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवावा. दुसऱ्याला "लक्ष ठेव" सांगून हात घालू नये. दुसरा माणूस विसरतो, खिशातली चावी विसरत नाही.

अडकलेला कचरा काढायला हात नेहमी गरिबाच्याच पोराचा जातो. काम करावे, कामाची लाज नाही. पण ज्याचा हात आत, चावी त्याच्याच खिशात. हे मागताना मान खाली घालू नका. आमची दोन बोटे गेली तेव्हा हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. भाच्याची दहाही बोटे शाबूत आहेत.